सोल एजन्सी आणि सोल सेलिंग राइट्स

सोल एजन्सी आणि सोल सेलिंग राइट्स हे इंग्लंड व वेल्समध्ये घर विकताना इस्टेट एजंटशी होणाऱ्या कराराचे दोन प्रकार आहेत. दोन्हींत ठरावीक मुदतीपुरता एकच एजंट नेमलेला असतो. नावे कानाला इतकी सारखी लागतात, की पुष्कळ घरमालक दोन्ही एकच समजून सही करतात. फरक कळतो तो मालकाने स्वतःच गिऱ्हाईक आणले की. सोल एजन्सीत अशा खासगी विक्रीवर एजंटला कमिशन मिळत नाही. सोल सेलिंग राइट्समध्ये ते पुरेपूर द्यावे लागते.

समजा, घराची किंमत 3,00,000 पौंड आणि कमिशन दीड टक्का ठरले आहे. त्याचे होतात 4,500 पौंड. त्यावर 20 टक्के व्हॅट म्हणजे 900, एकूण 5,400. एजंटने फोटो काढले, जाहिरात दिली, पण घर बघायला कोणी फिरकले नाही. मग मालकाच्या सहकाऱ्याची बहीण एका रविवारी येऊन घर पाहते आणि सौदा ठरतो. एजंटला तिचे नावही ठाऊक नाही. करार सोल एजन्सीचा असेल, तर मालकाचे देणे शून्य. सोल सेलिंग राइट्सचा असेल, तर 5,400 पौंड. जाहिरातीचा किंवा फोटोंचा खर्च करारात वेगळा लावला असेल, तर तो मात्र दोन्हींत भरावा लागतो.

हा घोळ कायद्याच्या लक्षात येऊन बराच काळ लोटला आहे. 1979 च्या इस्टेट एजंट्स अ‍ॅक्टने एजंटवर बंधन घातले, की मालकावर कोणतेही देणे येण्याआधी कमिशन किती आणि ते कोणत्या प्रसंगी लागू होईल हे त्याला सांगितले पाहिजे. 1991 च्या नियमांनी आणखी पुढे जाऊन या संज्ञांचा खुलासा कोणत्या शब्दांत करायचा तेही ठरवून दिले. सोल सेलिंग राइट्सच्या ठरीव मजकुरात, खरेदीदार दुसऱ्या एजंटने, अन्य कोणी ‘किंवा तुम्ही स्वतः’ शोधला तरी कमिशन द्यावे लागेल, असे साफ म्हटलेले असते. सोल एजन्सीच्या मजकुरात मालकाचा उल्लेख नसतो. तेथे त्या एजंटने किंवा मुदतीत दुसऱ्या एजंटने आणलेला खरेदीदार एवढेच येते. हा खुलासा करारातील इतर मजकुरापेक्षा फिका किंवा बारीक छापता येत नाही. खासगी विक्रीची शक्यता असणाऱ्याने सगळा करार नंतर वाचला तरी चालेल, पण ‘तुम्ही स्वतः’ हे शब्द आधी शोधावेत.

एजंटने नियम पाळला नाही म्हणून कमिशन आपोआप बुडत नाही. करार न्यायालयाच्या आदेशाशिवाय बजावता येत नाही, आणि न्यायाधीश मालकाचे नुकसान व एजंटचा दोष तोलून रक्कम कमी करू शकतात. 2019 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात लंडनमधील सात फ्लॅट 21 लाख पौंडांना विकले गेले होते आणि एजंटशी बोलणे झाले होते फक्त फोनवर. कमिशन कधी देय होईल हे त्या संभाषणात ठरलेच नव्हते, तरीही न्यायालयाने करार वैध धरला. लेखी माहिती वेळेवर न दिल्याबद्दल एक तृतीयांश रक्कम कापण्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. मालकाला 32,900 पौंड भरावे लागले. ‘कागदावर सही कुठे केली आहे?’ ही समजूत महागात पडते ती अशी.

खासगी विक्रीत खरी भांडणे होतात ती खरेदीदाराची एजंटने ‘ओळख करून दिली’ या करारातील शब्दांवरून. फाटकावर एजंटची पाटी आहे, ती पाहून शेजारचा माणूस थेट मालकाचे दार ठोठावतो. तो कोणाचे गिऱ्हाईक? 2008 च्या एका निकालात अपील न्यायालयाने म्हटले, की खरेदीदाराला घर दाखवले एवढ्याने भागत नाही; एजंटमुळे तो खरेदीकडे वळलेला असावा लागतो. त्या प्रकरणातील खरेदीदाराने पहिल्या एजंटमार्फत घर पाहून नको म्हटले होते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या एजंटमार्फत तेच घर घेतले. पहिल्याला कमिशन नाकारले गेले. मात्र पाटी पाहून आलेल्याची बाब प्रत्येक वेळी पुराव्यावर ठरते. म्हणून कोण, कधी, कोणाकडून कळून आले याची तारखेसह नोंद मालकाने ठेवलेली बरी.

मुदत संपली म्हणजे जबाबदारी संपली, असेही नाही. मुदतीत ओळख झालेल्या खरेदीदाराने नंतर घर घेतले तरी जुना एजंट कमिशन मागू शकतो. ही शेपटी किती लांब असावी यावर प्रॉपर्टी ओम्बड्समन या एजंटांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या योजनेच्या आचारसंहितेने मर्यादा घातली आहे: नंतर दुसरा एजंट मध्ये असेल तर 6 महिने, कोणी नसेल तर 2 वर्षे. खासगी विक्री करणाऱ्याला लागू पडते ती दुसरी, लांबलचक मर्यादा.

‘तयार, राजी आणि समर्थ खरेदीदार’ हे तिसरे कलम सर्वांत जड. ते असेल तर असा खरेदीदार आणताच कमिशन देय होते, मग मालकाने आजारपणामुळे विक्री रद्द केली तरी. एरवी कायद्याचा कल उलटा आहे. 1941 मध्ये ईस्टबोर्नच्या सिनेमागृहांच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवले, की मालकाने माघार घेतल्यास एजंटला काही मिळत नाही. ती त्याच्या धंद्याची जोखीम. तेथे कमिशन होते 10,000 पौंड आणि काम आठ-नऊ दिवसांचे. एका न्यायाधीशांनी त्याची तुलना लॉर्ड चॅन्सेलर या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराशी केली. मालकाला मिळालेले हे संरक्षण त्या एका कलमाने निघून जाते, म्हणून ते सहीपूर्वी खोडून घ्यावे.

सहीपूर्वी आणखी एक गोष्ट साधते. ज्यांनी आधीच घराची विचारणा केली आहे अशा नातेवाइकांची, भाडेकरूंची, शेजाऱ्यांची नावे करारात ‘वगळलेले खरेदीदार’ म्हणून लिहून घेता येतात. सही झाल्यावर एजंट त्याला सहसा तयार होत नाही. करार घरी बसून, फोनवर किंवा ऑनलाइन झाला असेल, तर 2013 च्या ग्राहक नियमांनुसार तो 14 दिवसांत रद्द करता येतो. मात्र तेवढ्यात काम सुरू करा असे मालकानेच सांगितले असेल, तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात.

घरे विकणाऱ्या प्रत्येक एजंटला 2008 पासून मान्यताप्राप्त तक्रार योजनेचे सदस्य असावे लागते. तक्रार आधी एजंटकडे लेखी करायची. 8 आठवड्यांत निकाल लागला नाही तर ती योजनेकडे नेता येते, आणि त्यासाठी मालकाला फी पडत नाही.