चेहऱ्याच्या सर्जरीआधी फिलर विरघळवणं

चेहऱ्यात आधी भरलेलं डर्मल फिलर, म्हणजे खाचा आणि सुरकुत्या भरायला कातडीखाली टोचलेला पदार्थ, कॉस्मेटिक सर्जरीच्या आधी इंजेक्शन देऊन विरघळवून टाकणं, याला क्लिनिकमधे सरळ 'फिलर डिझॉल्व्ह करणं' म्हणतात. फेसलिफ्ट म्हणजे सैल चेहरा ओढून वर नेणं, डोळ्यांखालची ब्लेफरोप्लास्टी म्हणजे पापणीची सर्जरी, राइनोप्लास्टी म्हणजे नाकाची सर्जरी, ओठांची लिफ्ट, चेहऱ्यात स्वतःचीच चरबी भरणं, असं काही करायचं ठरलं की हा प्रश्न येतोच, आणि 'सगळ्यांनी विरघळवा' किंवा 'कुणीच विरघळवू नका' अशी एका ओळीची उत्तरं दोन्ही चुकीची आहेत. फिलर कुठलं आहे, कुठे आहे आणि सर्जन नेमकी तीच जागा कापणार किंवा तिचं माप घेणार आहे का, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

विरघळतं ते फक्त हायलुरोनिक अॅसिडचं फिलर, ज्याला सगळे एचए फिलर म्हणतात. हा पदार्थ १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या जेलीतून वेगळा काढला, आणि नावातला पहिला भाग काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, कारण तो दिसतोच तसा पारदर्शक. आपल्या शरीरातही तो असतोच, साधारण ७० किलोच्या माणसात जवळपास १५ ग्रॅम, आणि त्यातला सुमारे तिसरा हिस्सा रोज मोडून नवा तयार होतो. फिलरमधला एचए मात्र इतक्या लवकर मोडू नये म्हणून त्याच्या रेणूंच्या साखळ्या केमिकलने एकमेकींना बांधलेल्या असतात. हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम या साखळ्या तोडतं, मग जेल पातळ होतं आणि शरीर ते शोषून घेतं. हे एन्झाइम काही फिलरसाठी शोधलेलं नाही, भूल देणारे डॉक्टर डोळ्याच्या ऑपरेशनमधे भुलीचं औषध नीट पसरावं म्हणून ते कितीतरी वर्षांपासून वापरतायत. फिलर विरघळवायला ते जगभर सर्रास वापरलं जातं, पण बऱ्याच देशांत हा वापर कागदोपत्री मंजूर यादीच्या बाहेरचा असतो, त्यामुळे संमतीपत्रात ते लिहिलेलं असावं.

आता मुळात विरघळवायचं कशाला, वर्षभरात फिलर आपोआप जातंच की, असं खूप जणांना वाटतं. इथेच गडबड आहे. पाकिटावर ६ ते १८ महिने लिहिलेलं असतं ते बाहेरून दिसणाऱ्या परिणामाबद्दल, पण एमआरआय करून बघितलं तर कितीतरी जणांच्या गालात आणि डोळ्यांखाली २ वर्षांनंतरही, काहींच्यात त्याहून खूप जास्त काळ, जेल तसंच बसलेलं दिसतं. चेहऱ्याचा जो भाग फार हलत नाही तिथे ते जास्त टिकतं. म्हणून 'मी ४ वर्षांपूर्वी केलं होतं, आता काही उरलं नसेल' हे वाक्य सर्जनने ऐकून सोडून द्यायचं नसतं, आणि पेशंटनेही कितीही जुनं असलं तरी सांगायचंच असतं.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो डोळ्यांखाली. तिथली कातडी चेहऱ्यावरची सगळ्यात पातळ, आणि एचए पाणी धरून ठेवतं, त्यामुळे खाच भरायला घातलेलं जेल काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फुगीर दिसायला लागतं, सकाळी जास्त, आडवा प्रकाश पडला की निळसर छटा. आरशात बघणाऱ्याला वाटतं वयामुळे पिशव्या आल्यात. पेशंट ब्लेफरोप्लास्टीला जातो, सर्जनलाही फुगवटा दिसतो, आणि त्यातला किती चरबीचा आणि किती जेल-पाण्याचा हे नुसतं बघून कळत नाही. समजा सर्जनने तेवढ्या फुगवट्याच्या हिशोबाने चरबी काढली, तर पुढे जेव्हा ते जेल विरतं तेव्हा डोळ्यांखाली खड्डा राहतो, आणि काढलेली चरबी परत जागेवर ठेवता येत नाही. उलटही होतं: आधी विरघळवलं आणि २-३ आठवड्यांनी बघितलं तर फुगवटा एवढा उतरलेला असतो की सर्जरीची गरजच उरत नाही. म्हणून खालच्या पापणीच्या सर्जरीआधी तिथे एचए असेल तर विरघळवून मगच ठरवावं, याबाबतीत माझं मत पक्कं आहे. सर्जरीत पापणी कापून उघडल्यावर चरबीच्या पिवळ्या गोळ्यांमधे पाण्यासारखं स्वच्छ, चिकट जेल सापडतं, ते तिथेच काढताही येतं, पण तोपर्यंत प्लॅन फुगलेल्या चेहऱ्यावरच आखून झालेला असतो.

नाकाचंही तसंच. नाकावरचा उंचवटा लपवायला वर आणि खाली फिलर भरतात, लांबून रेष सरळ दिसते, पण राइनोप्लास्टीला खरं हाड आणि खरी कूर्चा किती आहे तेच कळायला हवं. शिवाय रक्तपुरवठ्याचा मुद्दा आहे, ओपन राइनोप्लास्टीत नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीला छेद देतात आणि तिथून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, मग शेंड्याची कातडी मुख्यतः बाजूने येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर जगते, अशा वेळी त्या कातडीखाली दाब देणारं जेल नको. त्यामुळे नाकासाठी बहुतेक सर्जन आधी विरघळवायला सांगतात.

फेसलिफ्टमधे चित्र इतकं स्पष्ट नाही. गालाच्या हाडाला टेकून खोल भरलेलं, मोजकं, न सुजलेलं फिलर असेल तर बरेच सर्जन ते तसंच राहू देतात. पण गाल भरून भरून चेहरा गोल आणि जड झालाय, जबड्याची रेष फिलरने काढलीय, तर आतले थर किती सैल झालेत हे झाकलं जातं, आणि ओढून वर नेताना ते जेलही वर सरकून भलत्या ठिकाणी उंचवटा होतो. अशा वेळी आधी मोकळं केलेलं बरं. ओठ उचलायची सर्जरी करायची आणि ओठात फिलर आहे, तरी हाच नियम, कारण माप मिलिमीटरमधे असतं. आणि करायची आहे वरच्या पापणीची सर्जरी, फिलर आहे फक्त हनुवटीत, तर त्याला हात लावायचं काहीच कारण नाही.

किती आणि कुठे आहे हे बघायला आता हाय फ्रिक्वेन्सी अल्ट्रासाउंड वापरतात. त्यात एचए बहुतेकदा काळ्या डबक्यांसारखं दिसतं आणि सुई नेमकी त्या डबक्यात घालता येते, अंदाजाने सगळीकडे टोचायची गरज पडत नाही. जुने कागद असतील तर कंपनी, मिलिलिटर आणि तारीख सर्जनला द्यावी, आणि फिलरच्या आधीचे फोटो तर नक्की द्यावे, कारण मूळ चेहरा कसा होता ते त्याशिवाय कुणालाच आठवत नाही, कधीकधी पेशंटलाही नाही.

एन्झाइमचं काम पहिल्या १-२ दिवसांत बरंचसं होतं, पण इंजेक्शनचीही सूज येते, ती उतरून चेहरा स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून सर्जरीची तारीख साधारण २ ते ४ आठवडे पुढची ठेवतात. घट्ट जातीचं जेल किंवा मोठी मात्रा असेल तर एका बैठकीत भागत नाही, दोनदा तीनदा करावं लागतं, तो वेळ धरून चालायचं. सर्जरीच्या आदल्या दिवशी घाईने विरघळवणं मला पटत नाही, मग सुजलेल्याच चेहऱ्यावर माप घेणार, उपयोग काय.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून ज्यांना जोराची अॅलर्जी झालीय त्यांनी हे आधी सांगायलाच हवं, कारण त्या विषातही हायलुरोनिडेज असतं. बरेच डॉक्टर हातावर थोडंसं टोचून १५-२० मिनिटं वाट बघतात. जिथे फिलर लाल, गरम, दुखरं झालंय तिथे आधी इन्फेक्शन आवरायचं, लगेच एन्झाइम टोचलं तर जंतू पसरायची भीती. अँटिहिस्टामिन, स्टिरॉइड किंवा अॅस्पिरिनसारखी औषधं मोठ्या डोसमधे चालू असतील तर एन्झाइमचा असर कमी पडू शकतो, त्यामुळे औषधांची पूर्ण यादी द्यायची.

विरघळवल्यावर पहिले काही दिवस मनाला जड जातात हे कुणी नीट सांगत नाही. ताणली गेलेली कातडी एकदम रिकामी पडते, डोळे खोल, गाल बसलेले, आणि माणूस घाबरून म्हणतो की एन्झाइमने माझंच मांस खाल्लं. एन्झाइम आजूबाजूचा नैसर्गिक एचएही तोडतं हे खरं, पण तो शरीर लवकर परत बनवतं, आणि बरंचसं जे दिसतं ते इतकी वर्षं फिलरखाली झाकलेलं वय असतं. तरी ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नये, आधीच बसवून सांगितलं तर तो पंधरवडा खूप सोपा जातो.

बाकीच्या फिलरना हे औषध लागू नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपटाइट, म्हणजे हाडात असतं तसं खनिज, सीटी स्कॅनवर पांढरं दिसतं, पण ते विरघळवायचा खात्रीचा उपाय नाही, शरीर जिरवेल तेवढं थांबायचं. पॉली एल लॅक्टिक अॅसिडचं फिलर शरीराला कोलॅजन बनवायला लावतं, ते तयार झालेलं कोलॅजनही असं टोचून काढता येत नाही. पीएमएमए (एक प्रकारचं प्लास्टिक) आणि सिलिकॉन तर कायमचे, आजूबाजूच्या पेशींत गुंतलेले, काढायचे तर कापूनच, आणि तेही सगळे निघतात असं नाही. यातलं काही असेल तर सर्जनला थर वेगळे करताना जागा चिकटलेली मिळू शकते, म्हणून त्याला आधी माहीत असणं फार गरजेचं. सर्जरीनंतर परत फिलर भरायचंच असेल तर आतली सूज पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे काही महिने, थांबतात, आणि तेव्हा आधीच्या मानाने बरंच कमी लागतं.