उणे पंधराची चूक: हॅलोजन संयुगांच्या उत्कलनांकांमागचा इतिहास

एसीच्या बाहेरच्या युनिटवर एक पट्टी चिकटवलेली असते. अलीकडे घेतलेल्या घरगुती एसीवर तिथे बहुतेक वेळा 'आर-३२' लिहिलेले सापडते. आर-३२ म्हणजे डायफ्लुओरोमिथेन. मिथेनच्या चार हायड्रोजनपैकी दोन काढून त्यांच्या जागी फ्लुओरीन बसवला की हा वायू होतो, आणि तो उणे ५२ अंश सेल्सिअसला उकळतो. फ्लुओरीन एकच असेल तर उत्कलनांक उणे ७८, तीन असतील तर उणे ८२ आणि चारही असतील तर उणे १२८. फ्लुओरीन वाढवत गेले की आकडा आधी चढतो आणि मग घसरतो. क्लोरीनचे तसे नाही. एक, दोन, तीन, चार क्लोरीन असलेल्या मिथेनांचे उत्कलनांक उणे २४, ४०, ६१ आणि ७७ असे पायरी-पायरीने वरच जातात.

बारावीला हॅलोजन अनुजातांचा (फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या भावंडांच्या संयुगांचा) धडा शिकलेल्या प्रत्येकाने या विषयावरची दोन वाक्ये लिहिलेली असतात. रेणुवस्तुमान वाढले की उत्कलनांक वाढतो, आणि कार्बन-हॅलोजन बंध ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला थोडा धन आणि दुसऱ्याला थोडा ऋण भार असलेला, असल्यामुळे उत्कलनांक जास्त असतो. परीक्षेत दोन्हींना गुण मिळतात, पण आर-३२ची ही टेकडी दोन्हींपैकी एकानेही धड समजत नाही. ती समजायला रसायनशास्त्राला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्या वाटेवर एका संदर्भग्रंथात छापलेल्या चुकीच्या उत्कलनांकाने जगाचा इतिहास बदलला, म्हणून ही हकीकत तपशिलात सांगण्यासारखी आहे.

सुरुवात अ‍ॅमस्टरडॅमला झाली. १७९०च्या दशकाच्या मध्याला चार डच मित्रांनी इथिलीन आणि क्लोरीन हे दोन वायू एकत्र केले आणि भांड्यात तेलासारखा एक द्रव जमला. दोन वायूंपासून तेल होते याचे तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटले. हे 'डच तेल' म्हणजे आजचे १,२-डायक्लोरोइथेन, उत्कलनांक ८३ ते ८४. तेल देणारा वायू म्हणून इथिलीनला जे नाव पडले, त्यातूनच पुढे 'ओलेफिन' हा शब्द आला. आपल्या शेतातल्या पीव्हीसी पाइपांचा कच्चा मालही याच डच तेलातून येतो. त्यातून हायड्रोजन क्लोराइड काढून घेतला की उणे १३ला उकळणारा व्हिनाइल क्लोराइड मिळतो.

तोवर हॅलोजन म्हणजे फक्त क्लोरीन. आयोडीन १८११मध्ये बर्नार कूर्त्वाला समुद्री शेवाळाच्या राखेत सापडला, ब्रोमीन १८२६मध्ये आंत्वान बालारला मीठागराच्या पाण्यात. फ्लुओरीन वेगळा काढायला मात्र १८८६ उजाडावे लागले. आंरी म्वासाँने ते साधले, पण त्याआधी या प्रयत्नांत कित्येक जणांनी तब्येत गमावली आणि काहींनी जीव. या उशिराचा परिणाम मोठा झाला. नियम मांडले गेले तेव्हा समोर क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीनच होते. नियम मोडणारा चौथा भाऊ घरात यायचा होता.

१८३०चे दशक हा या संयुगांचा बहराचा काळ. क्लोरोफॉर्म १८३१च्या सुमारास अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीत तीन जणांनी स्वतंत्रपणे बनवला. १८३५मध्ये फ्रान्सच्या द्यूमा आणि पेलिगो यांनी लाकडापासून मिळणारा स्पिरिट, सल्फ्युरिक आम्ल आणि मीठ एकत्र उकळून मिथिल क्लोराइड मिळवला. रेन्योने १८३९मध्ये क्लोरोफॉर्मवर क्लोरीन सोडून कार्बन टेट्राक्लोराइडपर्यंत मजल मारली. द्यूमाबद्दल एक कथा नेहमी सांगितली जाते. पॅरिसच्या राजवाड्यातल्या मेजवानीत मेणबत्त्यांचा धूर पाहुण्यांच्या डोळ्यांना आणि घशाला झोंबू लागला. चौकशीचे काम द्यूमाकडे आले. मेण पांढरे करायला क्लोरीन वापरला होता, तो मेणातच शिरून बसला होता आणि जळताना आम्लवायू होऊन बाहेर पडत होता. कथेत तिखटमीठ असेल, पण त्यातून आलेला विचार पक्का होता: क्लोरीन हायड्रोजनला उठवून त्याच्या जागी स्वतः बसू शकतो. त्या काळचे सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना हे मान्य नव्हते. धन हायड्रोजनच्या खुर्चीत ऋण क्लोरीन कसा बसेल, हा त्यांचा आक्षेप. द्यूमाने अ‍ॅसेटिक आम्लाचे तीन हायड्रोजन काढून तीन क्लोरीन बसवून दाखवले, आणि आम्ल आम्लच राहिले.

एकाच सांगाड्यावर एकेक अणू बदलता येतो म्हटल्यावर मोजमापाला अर्थ आला. जर्मनीत गिसेनला हेरमान कॉप याने १८४२च्या सुमारास उत्कलनांकांची गणिते मांडायला घेतली. साखळीत कार्बनची एक कडी वाढली की उत्कलनांक सुमारे १९ अंशांनी वाढतो, असे त्याचे सूत्र होते. अल्कोहोल आणि आम्लांच्या काही मालिकांत ते बरे बसते. अल्किल क्लोराइडांत बसत नाही. मिथिल उणे २४, इथिल १२, प्रोपिल ४७, ब्युटिल ७८ अशी ३६, ३५, ३१ अंशांची पावले पडतात, आणि पावले लहान होत जातात. तरीही कॉपचे महत्त्व मला कमी वाटत नाही. उत्कलनांक ही पदार्थाची मनमानी नाही, रेणूच्या घडणीशी तिचा हिशेब आहे, हे त्याने धिटाईने मांडले. साखळीला फांद्या फुटल्या की रेणू गोळा होतो, एकमेकांना टेकायला जागा कमी उरते आणि उत्कलनांक उतरतो, हेही अशाच मोजणीतून पुढे आले. सरळ साखळीचा ब्युटिल ब्रोमाइड १०२ला उकळतो, तेच अणू असलेला तृतीयक ब्युटिल ब्रोमाइड ७३ला.

या आकड्यांनी पदार्थांच्या नशिबी काय आले तेही पाहण्यासारखे आहे. इथिल क्लोराइड १२ अंशांना उकळतो, म्हणून कातडीवर फवारताच उडून जातो आणि जागा बधिर करतो. १८४६मध्ये बोस्टनला भुलीसाठी ईथर वापरले गेले, पण ते ३५च्या आतच उकळते आणि भडकतेही. १८४७च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणला. तो ६१ला उकळतो आणि सहज पेट घेत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ईथरची बाटली उघडणे म्हणजे काय, याची कल्पना केली की उष्ण देशांत क्लोरोफॉर्म का रुजला ते कळते. त्याच्या धोक्यांची पाहणी करायला निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले. क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो, हृदय नंतर, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुढे टिकला नाही.

घनता आणि विद्राव्यतेबद्दल थोडक्यातच सांगतो. पाण्याशी हायड्रोजन बंध जोडता येत नाहीत म्हणून ही संयुगे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ब्रोमीन-आयोडीनची काही संयुगे पाण्याच्या दुप्पट-तिप्पट जड असतात. डायआयोडोमिथेनची घनता ३.३ आहे. द्रवणांकाचा तर्क वेगळा, तिथे रेणूंची रचून बसण्याची सोय महत्त्वाची. ऑर्थो, मेटा आणि पॅरा हे तिन्ही डायक्लोरोबेंझीन (अणू तेच, फक्त दोन क्लोरीनच्या जागा वेगळ्या) १७३ ते १८० अंशांच्या दरम्यान उकळतात, पण ऑर्थो आणि मेटा शून्याखालीही द्रव असतात आणि सममित पॅरा ५३पर्यंत घट्ट स्थायू. म्हणूनच पॅराच्या वड्या पाडून त्या कपाटात डांबरगोळ्यांसारख्या ठेवता येतात.

आता त्या चौथ्या भावाकडे. बेल्जियममध्ये गेंट इथे फ्रेडेरिक स्वार्ट्स याने १८९०च्या दशकात अँटिमनी ट्रायफ्लुओराइड वापरून कार्बनवरच्या क्लोरीनच्या जागी फ्लुओरीन बसवण्याची रीत शोधली. शुद्ध फ्लुओरीनला हात न लावता फ्लुओरीनची संयुगे मिळू लागली. पण त्यांचा उपयोग काय, हे कोणी विचारले नाही आणि ती तीसेक वर्षे प्रयोगशाळेत पडून राहिली.

१९२०च्या दशकात अमेरिकेत घरोघरी फ्रिज येऊ लागले. त्यांत अमोनिया (उणे ३३), सल्फर डायऑक्साइड (उणे १०) किंवा मिथिल क्लोराइड (उणे २४) भरलेला असे. उत्कलनांक सोयीचे, पण सगळे विषारी. मिथिल क्लोराइडला तर वास इतका सौम्य की गळती कळायची नाही, आणि माणसे झोपेत दगावली. १९२८मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली याच्याकडे बिनविषारी, न पेटणारा शीतक शोधण्याचे काम आले. त्याच्यासोबत अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी होते.

त्यांनी 'इंटरनॅशनल क्रिटिकल टेबल्स' हा त्या काळचा सर्वांत विश्वासाचा आकड्यांचा ग्रंथ उघडला. त्यात कार्बन टेट्राफ्लुओराइडचा उत्कलनांक उणे १५ दिला होता. खरा आकडा उणे १२८. शंभराहून अधिक अंशांची चूक. पण उणे १५ हा फ्रिजसाठी जवळचा आकडा असल्याने त्यांचे लक्ष फ्लुओरीनकडे वळले, असे मिजलीने स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. खरा आकडा छापलेला असता तर ते पान बहुधा उलटले गेले असते. फ्लुओरीन म्हणजे जहाल विष, ही समजूत तेव्हा सर्वत्र होती.

एकदा वाट सापडल्यावर उत्कलनांकांनीच हात धरून नेले. कार्बनवर चार क्लोरीन असताना ७७, एकाजागी फ्लुओरीन आला की २४, दोन आले की उणे ३०, तीन आले की उणे ८१, चार आले की उणे १२८. प्रत्येक पायरी पन्नासेक अंशांची. फ्रिजला हवी होती ती मधली पायरी, डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन. तो बनवायला त्यांनी अँटिमनी ट्रायफ्लुओराइडच्या पाच छोट्या बाटल्या मागवल्या. एक उघडली, वायू केला, गिनीपिगला हुंगवला, आणि गिनीपिग जगला. दुसऱ्या बाटलीतून केलेल्या वायूने गिनीपिग मेला. पाचांपैकी चार बाटल्यांत पाणी धरून असलेली भेसळ होती आणि तिच्यामुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. चांगली बाटली पहिल्यांदा हाती लागली नसती, तर काम तिथेच थांबले असते, असे मिजलीच सांगतो. एप्रिल १९३०मध्ये अटलांटाच्या अधिवेशनात त्याने हा वायू छातीत भरून घेतला आणि सोडताना मेणबत्ती विझवून दाखवली. बाजारात तो 'फ्रिऑन' नावाने आला.

त्याच १९३० साली फ्रिट्झ लंडनने या सगळ्या आकड्यांमागचे कारण मांडले. रेणूतले इलेक्ट्रॉन सतत हलत असतात, त्यामुळे क्षणभर एका बाजूला ऋण भार जास्त होतो, शेजारचा रेणूही तसाच कलतो आणि दोघे एकमेकांना ओढतात. इलेक्ट्रॉनांचा ढग जितका मोठा आणि सैल, तितकी ओढ जास्त. आयोडीनचा ढग सैल, म्हणून मिथिल आयोडाइड ४२ला उकळतो, जरी त्याची ध्रुवता मिथिल क्लोराइडपेक्षा कमी आहे. कार्बन टेट्राक्लोराइडची ध्रुवता शून्य, तरी आपल्या मालिकेत त्याचा आकडा सर्वांत वर. ध्रुवतेवर सगळा भार टाकणारे वाक्य इथेच कोलमडते.

फ्लुओरीन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, त्याचा ढग हलत नाही. म्हणून वस्तुमानाचा नियम तिथे हरतो. हेक्झेनच्या रेणूचे वस्तुमान ८६, उत्कलनांक ६९. सगळे हायड्रोजन काढून फ्लुओरीन बसवलेल्या परफ्लुओरोहेक्झेनचे वस्तुमान ३३८, आणि तो ५७च्या आसपास उकळतो. ही मूळ ओढच इतकी क्षीण असते की फ्लुओरोमिथेनांत ध्रुवतेचा थोडा फरकही दिसून येतो. ती दोन फ्लुओरीनला सर्वांत जास्त आणि चारला शून्य असते. आर-३२ टेकडीच्या माथ्यावर आहे तो यामुळे.

फ्रिऑनचे पुढे काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. जमिनीलगत तो मोडतच नाही, म्हणून वर स्थितांबरापर्यंत पोचतो आणि तिथल्या अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटून ओझोन खातो. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४मध्ये सांगितले, अंटार्क्टिकावरचे छिद्र १९८५मध्ये जाहीर झाले, १६ सप्टेंबर १९८७ला माँट्रियल करार झाला. क्लोरीन काढून हायड्रोजन ठेवलेले वायू आले, ते पृथ्वी तापवतात म्हणून २०१६मध्ये किगालीचा करार झाला आणि भारताने तो २०२१मध्ये स्वीकारला. आर-३२ त्या उतरणीवरचा थांबा. आधीच्या आर-४१०एपेक्षा तो तापवतो सुमारे तिसरा हिस्सा, पण त्यात हायड्रोजन असल्याने थोडा पेटतो.

गाडीच्या एसीतली साखळी तर उत्कलनांकाला चिकटूनच चालली. मिजलीचा वायू उणे ३०, त्याच्या जागी आलेला आर-१३४ए उणे २६, त्याच्याही जागी आलेला १२३४वायएफ उणे २९. हा शेवटचा हवेत काही दिवसांत मोडतो आणि त्यापासून ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल तयार होऊन पावसातून खाली येते. ते पुढे सहजी मोडत नाही, आणि आता त्याचे प्रमाण पाण्यात मोजले जात आहे. हे आम्ल स्वार्ट्सने १९२२मध्ये बनवले होते. अ‍ॅसेटिक आम्ल ११८ला उकळते, द्यूमाचे तीन क्लोरीनवाले १९७ला, आणि स्वार्ट्सचे तीन फ्लुओरीनवाले ७२ला.