एमडनवाली सिडनी आणि हरवलेली सिडनी

'सिडनीने एमडनला गाठलं' आणि 'सिडनी 645 माणसांसह बुडाली', ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. घोळ होतो तो दोन्हींतली सिडनी एकच धरल्यामुळे. दोन्ही ऑस्ट्रेलियन नौदलाच्या क्रूझर, म्हणजे वेगवान युद्धनौका, दोन्हींवर सहा इंची आठ तोफा, आणि दोघींची जर्मन जहाजाशी गाठ पडली ती हिंदी महासागरातच, नोव्हेंबरमध्येच. वर्षंसुद्धा अशी की आकडे उलटसुलट व्हावेत: 1914 आणि 1941.

फोटो समोर असेल तर धुरांडी मोजा. चार असतील तर पहिली, दोन असतील तर दुसरी. पहिलीच्या तोफा सुट्या, लोखंडी ढालींमागे उभ्या. दुसरीच्या जोडीजोडीने चार बुरुजांत बसवलेल्या.

पहिली सिडनी ग्लासगोला बांधली आणि 1913 मध्ये नौदलात आली. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. जर्मन क्रूझर एमडन तेव्हा आपल्या दारात धुमाकूळ घालत होती. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री तिने मद्रासच्या बंदरावर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या. तमिळमध्ये बिलंदर माणसाला 'एमडन' म्हणतात ते तेव्हापासून. तिला धुरांडी तीनच, पण कप्तान म्यूलर चौथं खोटं धुरांडं उभारून इंग्रजी क्रूझर असल्याचा आव आणायचा. 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांवरचं तारकेंद्र उद्ध्वस्त करायला ती आली, तेव्हा मात्र केंद्रातल्या लोकांनी ते सोंग ओळखलं आणि अनोळखी जहाज आल्याचा बिनतारी संदेश सोडला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांना घेऊन निघालेला ताफा जवळूनच चालला होता. त्याच्या राखणीतून सिडनीला तिकडे पिटाळलं.

सुरुवात एमडनने केली, साडेनऊ किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून, आणि तिचा नेम अचूक होता. सिडनीचं अंतर मोजायचं यंत्रच आधी उडालं. पण एमडनचा गोळा सतरा किलोचा, सिडनीचा पंचेचाळीसचा. कप्तान ग्लॉसॉपने वेग आणि तोफांचा पल्ला वापरून एमडनला लांबूनच झोडपलं. शेवटी म्यूलरने आपलं जहाज नॉर्थ कीलिंग बेटाच्या प्रवाळावर चढवलं. म्हणजे 'एमडन बुडवली' असं सर्रास म्हणतात तेही काटेकोर नाही. एमडनची 130 हून अधिक माणसं गेली, सिडनीची चार. ही सिडनी युद्धातून सुखरूप परतली, 1928 मध्ये निवृत्त झाली आणि सिडनी शहरातच मोडीत निघाली.

दुसरी मुळात ब्रिटिश नौदलासाठी 'फेटन' नावाने बांधायला घेतलेली. ऑस्ट्रेलियाने ती 1934 मध्ये विकत घेतली आणि जुनं नाव तिला दिलं. जुलै 1940 मध्ये क्रीटजवळ तिने इटलीची बार्तोलोमेओ कोलेओनी ही क्रूझर निकामी केली आणि सोबतच्या विनाशिकांनी ती बुडवली. भूमध्य समुद्रातून परतल्यावर मायदेशी तिची मिरवणूक निघाली. इथपर्यंतची तिची कारकीर्द पहिलीपेक्षा कमी नाही, किंबहुना मला तर भारीच वाटते. पण लोकांच्या लक्षात तिचा शेवट राहिला.

19 नोव्हेंबर 1941. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दूर तिला एक मालवाहू जहाज दिसलं. त्याने 'स्ट्राट मलाक्का' हे डच नाव सांगितलं. प्रत्यक्षात ते होतं कॉर्मोरान: व्यापारी जहाजाच्या पोटात तोफा, पाणतीर (टॉर्पेडो) आणि सुरुंग लपवलेलं जर्मन जहाज. खऱ्या स्ट्राट मलाक्काची गुप्त खूण चार अक्षरांची, 'आय-आय-के-पी'. सिडनीने मधली दोन दाखवली, 'आय-के'. खरं जहाज असतं तर त्याने उरलेली दोन कळवली असती. जर्मनांना हे ठाऊकच नव्हतं. आंतरराष्ट्रीय संकेतात 'आय-के' म्हणजे वादळाचा इशारा, त्यामुळे ते बुचकळ्यात पडले. उत्तर काही जमेना. कप्तान डेटमर्सने खोटा झेंडा उतरवून सगळी आयुधं एकदम उघडली.

तेव्हा दोन जहाजांमधलं अंतर होतं जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर. दोघींच्या कथेतला खरा फरक माझ्या मते हाच. एवढ्या जवळ सिडनीच्या वेगाचा आणि लांब पल्ल्याचा काही उपयोग नव्हता. पहिल्याच माऱ्यात तिचा ब्रिज, म्हणजे जहाज हाकण्याची जागा, गेला, पुढच्या भागात पाणतीर घुसला. तरी तिने कॉर्मोरानला आग लावलीच. पोटात सुरुंग असलेलं ते जळतं जहाज जर्मनांनी स्वतःच बुडवलं. त्यांचे तीनशेहून अधिक लोक वाचले. सिडनी जळत दूर गेली. तिच्यावरचा एकही माणूस वाचला नाही.

म्हणून जे कळलं ते शत्रूच्या तोंडून, आणि त्यावर विश्वास ठेवायला कित्येकजण तयार नव्हते. जपानी पाणबुडीपासून जर्मनांनी वाचलेल्यांना मारल्यापर्यंत सगळ्या वावड्या उठल्या. मार्च 2008 मध्ये दोन्ही जहाजांचे सांगाडे जवळपास अडीच किलोमीटर खोल पाण्यात सापडले. 2009 च्या चौकशी अहवालाने जर्मनांची हकीगत मुख्यतः खरी मानली.

पहिलीची डोलकाठी आजही सिडनी बंदरात ब्रॅडलीज हेडवर उभी आहे. शेजारून जाणाऱ्या युद्धनौका तिला मानवंदना देतात. दुसरीचं स्मारक पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटनला, 645 धातूच्या समुद्रपक्ष्यांच्या घुमटाखाली. बुडालेल्या 645 जणांपैकी एकच जण किनाऱ्याला लागला होता, फेब्रुवारी 1942 मध्ये, ख्रिसमस बेटाजवळ, तराफ्यात मृतावस्थेत. डीएनए जुळवून त्याचं नाव जाहीर झालं ते 2021 मध्ये: थॉमस वेल्सबी क्लार्क, खलाशी.