ताहोवर कोकॅनी गरवायला येताय? आधी एवढं वाचा

अमेरिकेत कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या ताहो सरोवरात आम्ही पाहुण्यांना बोटीतून मासे गरवायला नेतो. बहुतेक पाहुणे बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर) किंवा सॅक्रामेंटोहून येतात. धक्क्यावर गाठ पडते ती पहाटे अंधारात. तेव्हा बोट सुटायची घाई असते आणि समजावून सांगायला सवड नसते, म्हणून हे माहितीपत्रक. मालवण-रत्नागिरीकडे लहानपणी खाडीत गरवलेल्या मंडळींनी तर नक्की वाचावं, कारण मासा लागला की मनगटाला झटका द्यायची सवय इथे हातचा मासा घालवते.

कोण हा मासा?

कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाता सगळा जन्म गोड्या पाण्यातच काढणारा सॉकआय सामन. तो ताहोचा मूळचा नाही. १९४४ मध्ये काठावरच्या मत्स्यबीज केंद्रातून सरोवरात आला आणि इथलाच झाला. आयुष्य साधारण तीन-चार वर्षांचं. शेवटच्या शरदात अंग लालभडक होतं, डोकं हिरवं पडतं, ओढ्यात चढून अंडी घातली की मासा मरतो. हे बघायचं असेल तर ऑक्टोबरात दक्षिण काठावरच्या टेलर क्रीक या ओढ्यावर मुलांना घेऊन जा. त्यासाठी आमची गरज नाही. तेव्हा तिथे गळ टाकायला बंदी असते, आणि त्याच माशांच्या मागावर अस्वलंही येतात, तेव्हा अंतर राखा.

कोकॅनी खातो ते पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. मग तो आमच्या गळावर झडप का घालतो? भुकेपोटी नाही. समोरून काहीतरी चमचमत, वळवळत गेलं की तो चिडून म्हणा, कुतूहलाने म्हणा, तोंड मारतो. आमचं सगळं काम त्याला डिवचण्याचं.

१९६३ ते १९६५ या काळात ताहोत मायसिस नावाची बारीक कोळंबी सोडली गेली, हेतू हा की मोठ्या माशांना खाद्य मिळावं. झालं उलटंच. कोकॅनीचं आवडतं खाणं असलेले डॅफ्निया नावाचे सूक्ष्म जीव या कोळंबीनेच फस्त केले. १९७१ पर्यंत ते सरोवरातून जवळपास नाहीसे झाले. आणि ती कोळंबी कोकॅनीला मिळते म्हणावं, तर तीही नाही: दिवसा खोल अंधारात दडते, रात्री वर येते, आणि कोकॅनी उजेडात डोळ्यांनी शिकार करणारा. त्यामुळे इथे मासा कधी भरपूर, कधी तुरळक; आकारही वर्षागणिक बदलतो. ‘हमखास इतके मासे’ अशी जाहिरात आम्ही करत नाही. कुणी केली तर दोनदा विचार करा.

बोटीवर काय चालतं

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेणं. वेग ताशी एक ते दीड मैल, माणसाच्या रमतगमत चालण्यापेक्षाही कमी. पाहुण्यांना हे फार हळू वाटतं. वाटू द्या.

कोकॅनीला सुमारे ५० ते ५५ अंश फॅरनहाइटचं पाणी मानवतं. जूनमध्ये पहाटे तो बराच वर असतो. ऊन चढलं, पाणी तापलं की खाली उतरतो, ऑगस्टात तर पार ८०-१०० फुटांवर. तिथवर गळ न्यायला डाउनरिगर लागतो: पोलादी तारेला शिशाचा जड गोळा, आणि त्या तारेला चिमट्याने अडकवलेली आपली लाइन, म्हणजे गळाची दोरी. मासा ओढतो, चिमटा सुटतो, मग रॉड आणि मासा एवढेच उरतात. मासा लहान असला तर चिमटा सुटतही नाही, नुसतं रॉडचं टोक थरथरतं. त्या टोकावरची नजर हलवू नका. फोन खिशात.

लाइनच्या टोकाकडे आधी डॉजर, म्हणजे चार-सहा इंचांची चकाकती पत्री. ती डावी-उजवीकडे झुलली पाहिजे, गरगर फिरली तर वेग जास्त झाला. तिच्यामागे वीतभर-दीड वीत अंतरावर गुलाबी किंवा नारिंगी रबरी झालर लावलेला गळ, आणि गळावर पांढऱ्या मक्याचे एक-दोन दाणे. हो, मका! डब्यातला शूपेग जातीचा मका. आमच्या मते रंगापेक्षा वेग आणि खोली महत्त्वाची, पण गुलाबीवरची आमची श्रद्धा काही सुटत नाही.

बोट सरळ रेषेत का चालवत नाही, असं सारखं विचारलं जातं. वळताना बाहेरच्या बाजूचा गळ वेग घेतो आणि वर येतो, आतल्या बाजूचा मंदावतो आणि खाली बसतो. आतल्या गळाला मासा लागला तर कळतं की आज वेग आणखी कमी हवा. बाहेरच्याला लागला, तर वाढवायचा.

मासा लागल्यावर

कोकॅनीचं तोंड फार नाजूक. जोर लावलात तर गळ ओठ फाडून बाहेर येतो. म्हणून आमचे रॉड लांब आणि लवचीक, रिळाचा ताण अगदी सैल. झटका नाही. लाइन ढिली पडू न देता सावकाश गुंडाळत राहा. बोटीजवळ आला की तो एकदम उसळतो, गिरक्या घेतो. निम्मे मासे तिथेच सुटतात असं वाटावं. जाळी आम्ही घालू. लाइन धरून मासा वर ओढू नका.

पकडून सोडून देण्याचा शौक असेल, तर तो दुसऱ्या जातीच्या माशाच्या वेळी. खोलवरून कोमट पाण्यात आणलेला, खवले निघालेला कोकॅनी सोडला तरी बहुधा जगत नाही. खाण्यापुरते झाले की आम्ही गळ आवरतो.

परवाना, थंडी, वारा

कॅलिफोर्नियाच्या बाजूला १६ आणि नेवाडाच्या बाजूला १२ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. सरोवरावर कॅलिफोर्निया किंवा नेवाडा, कुठलाही एक चालतो. कॅलिफोर्नियाचा एका दिवसाचाही मिळतो, ऑनलाइन काढून ठेवा. रोज किती मासे ठेवायचे याची मर्यादा निघण्याआधी सांगू. ती पाळावीच लागते.

सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९७ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. जुलैतही पहाटे स्वेटर आणि कानटोपी हवीच, आणि नऊनंतर ऊन भाजून काढतं. पाणी मात्र थंडच. कायद्याने लाइफ जॅकेटची सक्ती १३ वर्षांखालच्या मुलांना आहे. आमच्या बोटीवर ती सगळ्यांना आहे, पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही. दुपारी नैर्ऋत्येचा वारा सुटतो आणि लाटा उठतात, म्हणून आम्ही अकराच्या आत परततो. पहाटेच वारा असला तर फेरी रद्द आणि पैसे परत.

स्वतःची बोट आणणार असाल तर ती धुऊन, पाणी काढून, वाळवून आणा. परके शिंपले आणि पाणवनस्पती शिरू नयेत म्हणून पाण्यात उतरवण्याआधी तपासणी सक्तीची आहे.

मासा घरी नेताना

मासा वर आला की लगेच कल्ला कापून रक्त काढतो आणि बर्फात ठेवतो. मांस नारिंगी, तेलकट आणि मऊ असतं, म्हणून रस्सा करताना तुकडे शेवटी टाका, नाहीतर मोडतात. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर, कातडीची बाजू आधी. सुरमईइतका वेळ ठेवू नका. कूलर तुमचा, बर्फ आमचा. साफ करून देण्याचे वेगळे पैसे नाहीत.