शुश्रूषा केंद्राची गुणवत्ता आणि सुरक्षितता कशी पारखावी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आई किंवा वडील अंथरुणाला खिळले, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडली, किंवा स्मृतिभ्रंशामुळे त्यांना घटकाभरही एकटे ठेवता येईनासे झाले, म्हणजे कुटुंबाला शुश्रूषा केंद्राचा विचार करावा लागतो. हा निर्णय बहुधा घाईत घ्यावा लागतो. रुग्णालयातून दोन दिवसांत घरी सोडणार असतात, मुलगी बंगळुरूला आणि मुलगा न्यू जर्सीला असतो, आणि कोणीतरी सुचवलेल्या दोन-तीन केंद्रांपैकी एकाची निवड फोटो पाहून केली जाते. आपल्या वतीने पुणे आणि परिसरातील केंद्रांची पाहणी करण्याचे काम आम्ही करतो. ही पाहणी कशाच्या आधारे करतो, हे आपल्याला कळावे आणि आपणही ती स्वतः करू शकावे, यासाठी हे पत्रक तयार केले आहे.

परदेशातील ग्राहक आम्हाला अनेकदा विचारतात, की या केंद्राला किती तारे आहेत? अमेरिकेत 2008 पासून सरकारी यंत्रणा नर्सिंग होमना एक ते पाच तारे देते. तपासणीत आढळलेल्या त्रुटी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि शुश्रूषेची मोजमापे यांवरून ही श्रेणी ठरते आणि ती कोणालाही पाहता येते. आपल्याकडे वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांसाठी अशी सार्वजनिक श्रेणी नाही. ‘एनएबीएच’ या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन ऐच्छिक असते, आणि इंटरनेटवरील अभिप्राय कोणी व कशासाठी लिहिले हे ठरवणे कठीण असते. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही. इमारत, बाग आणि स्वागतकक्ष यांवरून केंद्राची पारख होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या माणसाला रात्री दोन वाजता कूस कोण बदलून देणार आहे, त्या व्यक्तीला ते काम येते का, आणि त्या वेळी तिच्यावर आणखी किती जणांचा भार आहे, यावर गुणवत्ता ठरते. पुढील सर्व मजकूर याच प्रश्नाभोवती आहे.

कागदपत्रे

महाराष्ट्रात नर्सिंग होमची नोंदणी 1949 च्या कायद्यानुसार होते. आजारी, जखमी किंवा विकलांग व्यक्तींना ठेवून घेऊन जेथे उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, ती जागा या कायद्याच्या व्याख्येत येते. म्हणून नाकातून नळी, कॅथेटर (लघवीची नळी), इन्सुलिन, ऑक्सिजन अशा सेवा देण्याची जाहिरात करणाऱ्या केंद्राने ‘आमचे केवळ वृद्धाश्रम आहे, आम्हाला नोंदणी लागत नाही’ असे सांगितले, तर तेथे थांबून अधिक चौकशी करावी. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. त्यावरील पत्ता, खाटांची संख्या आणि मुदत वाचावी, आणि प्रत्यक्षात किती खाटा मांडल्या आहेत तेही मोजावे. 2021 मध्ये या कायद्याखालील नियमांत सुधारणा झाली, आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावण्याची तरतूद त्यांत आली. ही दोन्ही भिंतीवर नसतील, तर मागण्यास संकोच करू नये.

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांची वेगवेगळी व्यवस्था लागते. इन्सुलिनच्या सुया साध्या कचऱ्याच्या बादलीत दिसल्या, तर त्या केंद्रात नियम कागदावरच राहतात असे समजावे.

आग आणि इमारत

या बाबीवर आम्ही पाहणीचा बराच वेळ खर्च करतो आणि त्याचे कारण सांगणे आवश्यक वाटते. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू विभागाला आग लागून 10 बालके दगावली. 1 जानेवारी 2023 रोजी पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील एका वृद्धसेवा केंद्रातील आगीत दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. ज्यांना स्वतःहून उठून बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी लहानशी आग आणि थोडा धूरही जीवघेणा ठरतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा 2006 चा आहे. त्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, ज्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात, दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा अग्निशमन विभागाकडे सादर करावे लागते. सर्वांत अलीकडचा ‘फॉर्म बी’ दाखवण्याची विनंती करावी. त्यानंतर एक साधा प्रश्न रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला विचारावा: ‘दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट बंद असताना खाली कसे आणाल?’ चादरीसकट उचलून, चाकाच्या खुर्चीसकट दोघांनी धरून, किंवा अन्य कोणत्याही रीतीने, पण उत्तर ठरलेले आणि सराव केलेले असले पाहिजे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून दरवाजांना कुलपे लावली जातात आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र किल्ली रात्री नेमकी कोणाकडे असते आणि ती व्यक्ती कोठे झोपते, हे विचारल्याशिवाय परतू नये. खिडक्यांना न उघडणारे लोखंडी ग्रिल असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. बंगल्यांचे रूपांतर केलेल्या केंद्रांत एकच अरुंद जिना असतो. अशा ठिकाणी अंथरुणावरील रुग्ण तळमजल्यावरच ठेवले जातात का, ते पाहावे.

स्नानगृहात आधाराचे दांडे आहेत का, फरशी ओली असताना घसरते का, चाकाची खुर्ची दारातून आत जाते का, हे स्वतः जाऊन पाहावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर केवळ दिवे आणि पंखे चालतात, की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि हवेची गादीही चालते, याची खात्री करावी. पाऊस सुरू झाल्यावर वीज वरचेवर जाते, तेव्हा हा प्रश्न आठवून उपयोग नसतो.

माणसे

‘आमच्याकडे चोवीस तास नर्स असते’ हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकू येते. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. जीएनएम किंवा एएनएम हे परिचर्येचे शिक्षण घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली परिचारिका, आणि काही महिने काम पाहून शिकलेली मावशी, या दोघींचेही काम मोलाचे आहे, परंतु इन्सुलिनचा डोस ठरल्याप्रमाणे देणे, नाकातील नळी जागेवर आहे की नाही हे तपासणे आणि कॅथेटर बदलणे ही कामे प्रशिक्षित व्यक्तीचीच आहेत. म्हणून दिवसा किती, रात्री किती, आणि त्यांपैकी नोंदणीकृत परिचारिका किती, असे तीन आकडे वेगवेगळे विचारावेत. व्यवस्थापकाने दिलेला रात्रीचा आकडा रात्री नऊनंतर पुन्हा भेट देऊन पडताळावा.

पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची असते. तीच मावशी सलग दोन पाळ्या करते का, हे तिला आपुलकीने विचारले तर ती बहुधा खरे सांगते. मावशी आणि मामा किती काळापासून येथे आहेत, हेही विचारावे, कारण दर दोन महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या केंद्रात आजोबांना कोणत्या बाजूला झोपल्यावर खोकला येतो हे कोणालाच ठाऊक नसते. गणपतीत आणि शिमग्याला कोकणातील कर्मचारी गावी जातात, दिवाळीत सर्वच ठिकाणी रजा वाढतात. त्या दिवसांतील बदली माणसांची व्यवस्था कशी होते, या प्रश्नाच्या उत्तरावरून व्यवस्थापनाची तयारी फार चांगली कळते. शक्य असेल तर याच दिवसांत एक फेरी मारावी.

शुश्रूषेची खूण: त्वचा, वजन आणि औषधे

एकाच गोष्टीवरून केंद्र पारखायचे झाल्यास आम्ही बेडसोर पाहू. माकडहाड, कंबरेच्या दोन्ही बाजूंची हाडे आणि टाचा या जागांवर सतत दाब राहिला की त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो. आधी लालसर चट्टा येतो, तो दाब काढल्यावरही जात नाही, आणि दुर्लक्ष झाल्यास जखम हाडापर्यंत खोल जाऊ शकते. ती टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि पुरेसे प्रथिनयुक्त अन्न देणे आवश्यक असते. हवेची गादी मदत करते, पण तिने कूस बदलण्याचे काम टळत नाही. सध्या किती रुग्णांना बेडसोर आहेत आणि त्यांपैकी किती येथे आल्यानंतर झाले, असे विचारावे. ‘आमच्याकडे कधीच होत नाहीत’ यापेक्षा ‘दोघांना आहेत, एक रुग्णालयातून घेऊनच आले होते, दुसऱ्यांची जखम भरत आली आहे’ हे उत्तर आम्हाला अधिक विश्वासार्ह वाटते. कूस बदलण्याचा तक्ताही पाहावा. दुपारी तीन वाजता त्यावर संध्याकाळी सहाची नोंद झालेली असेल, तर निष्कर्ष आपण स्वतः काढू शकाल.

जेवणाच्या वेळी जरूर जावे. गिळण्यास त्रास असलेल्या व्यक्तीला आडवे ठेवून भरवले, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. तिला बसते करून, लहान घास देऊन, गिळल्याची खात्री करून पुढचा घास द्यावा लागतो, आणि नळीतून अन्न देतानाही डोक्याकडची बाजू उंच ठेवावी लागते. त्यासाठी वेळ लागतो, आणि एका मावशीकडे भरवण्यासाठी पाच-सहा जण असतील तर तो वेळ मिळत नाही. दर महिन्याला वजन करून नोंद ठेवली जाते का, ते विचारावे. वजन घटत असल्याचे कुटुंबाला कळण्यापूर्वी त्या वहीत दिसते. पाणी हात पोहोचेल अशा ठिकाणी ठेवले आहे का, आणि कवळी, चष्मा, श्रवणयंत्र प्रत्येकाचे वेगळे व नावानिशी ठेवलेले आहे का, याकडेही लक्ष द्यावे.

औषधांविषयी एक धोका आवर्जून सांगावासा वाटतो. रात्री ओरडणाऱ्या, उठून चालू लागणाऱ्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी गुंगीची किंवा मानसोपचारातील औषधे दिली जाण्याची शक्यता असते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत अशा काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला आहे. ही औषधे कधीच देऊ नयेत असे नाही, मात्र ती डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने, ठरावीक मुदतीसाठी आणि कुटुंबाला कळवूनच दिली गेली पाहिजेत. दुपारच्या वेळी दिवाणखान्यातील बहुतेक सर्व जण मान टाकून झोपलेले दिसले, तर कारण विचारावे. हात कापडाने खाटेला बांधलेले दिसल्यास ते का, कोणाच्या सांगण्यावरून आणि किती वेळ, याची लेखी नोंद मागावी. नोंद नसेल तर आम्ही ते केंद्र सुचवत नाही.

वासाबद्दल थोडेसे. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणे म्हणजे डायपर नुकताच ओला झाला असणे शक्य आहे, पण संपूर्ण मजल्यावर तो वास भरून असणे, किंवा त्यावर फिनेल आणि अगरबत्तीचा उग्र थर असणे, हे कामाला माणसे अपुरी असल्याचे लक्षण आहे.

आजार बळावल्यास

जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, डॉक्टर प्रत्यक्ष केव्हा येतात आणि केव्हा केवळ फोनवर असतात, 108 ची रुग्णवाहिका कोण बोलावते, रुग्णासोबत कोण जाते, आणि मुले परदेशात असल्यास संमतीपत्रावर सही कोणाची, हे सर्व आधीच लिहून ठेवावे. अतिदक्षता विभागात न्यायचे का, याविषयी आई-वडिलांची स्वतःची इच्छा त्यांना सांगता येत असतानाच विचारून घ्यावी. हा विषय काढणे जड जाते, तरी तो टाळल्यास ऐन वेळी भावंडांना त्याहून जड निर्णय फोनवरून घ्यावा लागतो.

करार

मासिक शुल्कात काय येते यापेक्षा काय येत नाही ते लिहून घ्यावे. डायपर, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, रक्ततपासणी, रात्रीची स्वतंत्र मावशी यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. रुग्ण रुग्णालयात असेल त्या दिवसांचे शुल्क, डिपॉझिट परत मिळण्याची मुदत आणि शुल्कवाढीची अट वाचल्याशिवाय सही करू नये. भेटीच्या वेळा अतिशय मर्यादित ठेवणारे कलम आम्हाला खटकते. शक्य असेल तेथे पहिले दोन आठवडे तात्पुरत्या मुक्कामाचा करार करावा, आणि ज्यांना राहायचे आहे त्यांना निवडीपूर्वी केंद्र दाखवून त्यांचे मत घ्यावे. स्मृती क्षीण झालेल्या व्यक्तीलाही एखादी जागा आवडल्याचे किंवा भीती वाटल्याचे सांगता येते.

दाखल झाल्यानंतर

पहिल्या महिन्यात वेळ न कळवता, वेगवेगळ्या प्रहरी भेट द्यावी. आंघोळ घालण्याच्या वेळी स्वतः उपस्थित राहून पाठ, टाचा आणि बगला पाहाव्यात. अंगावर वळ, अकारण सुस्ती, खाज येऊन उठलेले पुरळ (एकाला खरूज झाली तर ती संपूर्ण केंद्रात पसरते), किंवा एखाद्या कर्मचाऱ्याला पाहताच आक्रसून जाणे दिसल्यास तारखेसह फोटो व नोंद ठेवावी. तक्रार प्रथम व्यवस्थापनाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. दखल न घेतल्यास महापालिका हद्दीत आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, शुल्क आणि सेवेतील त्रुटींसाठी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिवाला धोका वाटल्यास 112 वर तत्काळ संपर्क साधावा.

आमची पाहणी दोन भेटींची असते, त्यांपैकी एक रात्रीची आणि न कळवता केलेली असते. अहवालात आम्ही पाहिलेल्या आणि केवळ ऐकलेल्या बाबी वेगळ्या लिहितो. कोणत्याही केंद्राकडून आम्ही कमिशन किंवा भेट स्वीकारत नाही. आमचे शुल्क केवळ आपल्याकडूनच घेतले जाते, आणि आपण कोणतेही केंद्र निवडले नाही तरी ते तेवढेच राहते.