बैलगाडा शर्यत आणि प्राणी कायदा

बैलगाडा शर्यत म्हणजे महाराष्ट्रातल्या जत्रांचा जुना खेळ, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो घाटापेक्षा (म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीपेक्षा) कोर्टातच जास्त गाजला. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे घाटात गाडा पळतो आणि सेकंदावर निकाल लागतो, विदर्भात यालाच शंकरपट म्हणतात. पळणारा बैल बहुतेक वेळा खिल्लार जातीचा.

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांशी क्रूरपणे वागायला बंदी करणारा. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल, म्हणजे भरतनाट्यमवाल्या, त्या राज्यसभेत होत्या आणि १९६२ ला प्राणी कल्याण मंडळ झालं त्याच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. कायदा चांगलाय पण दंड बघा, पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये! तेव्हा ५० रुपयांना किंमत होती, आज जत्रेत तेवढ्यात फार तर दोन वडापाव येतील. हा आकडा अजून तसाच आहे.

याच कायद्याच्या कलम २२ खाली ठरावीक प्राण्यांचे खेळ करायला बंदी घालता येते. अस्वल, माकड, वाघ, सिंह यादीत होतेच, जुलै २०११ मध्ये केंद्राने त्यात बैलही टाकला आणि वादाला तोंड फुटलं. मग ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूसोबत (तमिळनाडूतला बैलाला धरण्याचा खेळ) महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही असं कोर्ट म्हणालं, आणि घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क प्राण्यांपर्यंत नेला, जे आपल्याकडे फार मोठं पाऊल होतं.

२०१७ ला जल्लीकट्टूसाठी चेन्नईत मरीना बीचवर आंदोलन पेटलं, तमिळनाडूने कायदा बदलला, त्यामागोमाग महाराष्ट्रानेही, पण आपला कायदा मुंबई हायकोर्टात अडकला. सरकारने बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांचा अहवालसुद्धा करून घेतला (गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तरी चाललं असतं, असो). १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा कायम केला, शिवाय प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला आधीच्या निकालांत नाही हेही सांगून टाकलं. म्हणजे २०१४ ला जे दिलं त्यातलं बरंच परत घेतलं.

आता गंमत अशी की शर्यतीला मोकळीक देणाराच कायदा जास्त कडक आहे. कलेक्टरची परवानगी लागते, बैलाला त्रास दिला तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. आणि तोच बैल हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर झेपणार नाही एवढा ऊस ओढताना दिसला तर पुन्हा ते जुनं १० ते ५० रुपयेच. जनावर मारलं किंवा लुळं केलं तर कलम वेगळं लागतं, त्यात आधी १० रुपये किमतीचं जनावर, ५० रुपये किमतीचं जनावर अशी वर्गवारी होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ती किमतीची अट काढून टाकलीय.