मिलिटरी नर्सिंगचे बी.एस्सी.: पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि बॉण्ड

बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे विनामूल्य, राहणे-जेवणे सरकारी, वर दरमहा स्टायपेंड. बदल्यात पदवीनंतर सैन्याच्या रुग्णालयांत नोकरी. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, म्हणजे एमएनएसच्या प्रवेशाचा व्यवहार हा असा आहे. याला नुसती शिष्यवृत्ती समजले की गल्लत होते. ही मुळात अधिकाऱ्यांची भरती आहे, फक्त प्रशिक्षण आधी आणि नोकरी नंतर. म्हणून अटी कॉलेजच्या नाहीत, सैन्याच्या आहेत.

देशभरात सहा कॉलेजे आणि जागा 220. पुण्याचे एएफएमसी (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय), कुलाब्याचे नौदल रुग्णालय अश्विनी, लखनौ आणि बंगळूरु इथे प्रत्येकी 40. दिल्लीचे आर्मी हॉस्पिटल आणि कोलकाता इथे प्रत्येकी 30. महाराष्ट्रातल्या 80 जागा महाराष्ट्रातल्या मुलींसाठी राखीव नाहीत. यादी अखिल भारतीय लागते.

प्रवेश फक्त मुलींना. उमेदवार भारतीय नागरिक आणि अविवाहित हवी. घटस्फोटित, कायद्याने विभक्त किंवा विधवा असली तरी चालते, पण तिच्यावर कोणी अवलंबून नसावे. वय साधारण 17 ते 25. 2025 च्या प्रवेशासाठी जन्मतारीख 1 ऑक्टोबर 2000 ते 30 सप्टेंबर 2008 या दरम्यान हवी होती. पुढच्या वर्षांसाठी जाहिरातीतली तारीखच धरावी. उंची किमान 152 सेंमी.

सर्वाधिक अर्ज अडकण्यासारखी अट बारावीची आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांत मिळून किमान 50 टक्के हवेत, आणि तेही नियमित विद्यार्थिनी म्हणून पहिल्याच प्रयत्नात. एखादा विषय राहिला आणि पुरवणी परीक्षेत सुटला, तर पुढे नीटमध्ये (वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, इथेही तीच लागते) कितीही गुण पडले तरी उपयोग नाही. मुक्त विद्यालय किंवा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिलेली बारावी ‘नियमित’ या शब्दात बसत नाही. बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषयासाठी जीवशास्त्र सोडलेले असेल तरी दार बंद. हे अकरावीचे विषय निवडतानाच बघायला हवे, बारावीच्या निकालानंतर बघून काही होत नाही.

दुसरी गफलत परीक्षेची. राज्य सीईटी कक्षाची बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी इथे चालत नाही, नीट-यूजी लागते. तिचा अर्ज साधारण बारावीच्या परीक्षेच्या सुमारास निघतो, आणि “आपल्याला कुठे डॉक्टर व्हायचंय” म्हणून तो सोडून देणाऱ्या मुलींचे वर्ष तिथेच जाते. नीटचा निकाल लागल्यावर सैन्याच्या भरती संकेतस्थळावर, ‘जॉइन इंडियन आर्मी’वर, अधिकारी प्रवेशाच्या विभागात वेगळी नोंदणी करावी लागते. नीट दिली म्हणजे नाव आपोआप जात नाही. शुल्क 200 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना माफ. नोंदणीची मुदत थोड्या दिवसांचीच असते, तेव्हा निकालानंतर संकेतस्थळ रोज उघडून पाहणे बरे.

नीटच्या गुणांवरून निवडक मुलींना दिल्लीला बोलावतात. तिथे सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि मग वैद्यकीय तपासणी. तपासणीत छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफीही असते. दात, कानातला मळ, चष्म्याचा नंबर, हिमोग्लोबिन या गोष्टी महिनाभर आधी गावातच दाखवून घ्याव्यात. अपात्र ठरवले तर अपील मेडिकल बोर्डाकडे जाता येते, पण मुदतीत.

सोबत मूळ कागद आणि साक्षांकित प्रती: दहावीचे प्रमाणपत्र (जन्मतारखेचा पुरावा), बारावीची गुणपत्रिका, नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, अधिवास आणि चारित्र्याचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, घटस्फोट किंवा विभक्तीचा न्यायालयीन आदेश. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर बहुधा शेवटी. नीटचा अर्ज भरताना दहावीप्रमाणेच नाव लिहावे, नाहीतर पुढे प्रत्येक टेबलावर खुलासा करत बसावे लागते. आणखी एक: दरम्यान दुसरीकडे प्रवेश घेतला असेल तर मूळ कागद त्या कॉलेजच्या कपाटात अडकतात. ते परत कसे आणि किती दिवसांत मिळतील, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवावे.

आता बॉण्ड. दाखल होताना सैन्याच्या नर्सिंग सेवेत काम करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. प्रशिक्षण मध्येच सोडले, किंवा पदवीनंतर कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, नाकारले, तर सरकार खर्चाची वसुली करते. 18 वर्षांखालील मुलीची एकटीची सही कायद्याने करार ठरत नाही, म्हणून पालकांनीही तो मजकूर स्वतः वाचावा. त्यात तीन गोष्टी शोधा: सेवेची किमान वर्षे, वसुलीची रक्कम आणि ती कोणत्या तारखेपासून लागू होते. कमिशन कायमचे की अल्पमुदतीचे यावर पुढची वर्षे ठरतात. सुरुवात लेफ्टनंट पदाने, मूळ वेतन 56,100 रुपये आणि नर्सिंग अधिकाऱ्यांचा सैनिकी सेवा भत्ता 10,800 रुपये. महागाई भत्ता वेगळा. नेमणूक देशात कुठेही, घराजवळची मागून मिळेलच असे नाही.

लग्नाबद्दल घरोघरी विचारले जाते. प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. नोकरीत लागल्यावर मात्र तशी बंदी नाही. लग्न केले म्हणून नर्सिंग अधिकाऱ्याला सेवेतून काढण्याचा जुना नियम 1995 मध्ये मागे घेतला गेला, आणि त्या नियमाखाली 1988 मध्ये काढलेल्या एका अधिकाऱ्याला 60 लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला.